नंदा प्यासी आणि आमची मंदाताई

मंदा खांबेटे दिसायला चांगली नव्हती. हे आधीच सांगते, कारण तिचं नाव निघालं की लोक तेज, व्यक्तिमत्त्व असले शब्द काढतात. नाक लांब, पुढे जाऊन जरा खाली वळलेलं. आवाज घोगरा, बारा महिने सर्दी असल्यासारखा. साडी घोट्याच्या वर आणि खाली कॅनव्हासचे बूट. सरकारी टीव्हीत ती लागली तेव्हा तिला बातम्या वाचायला बसवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. तिला बाहेर पाठवलं. पूर आला, भिंत पडली, रेशनच्या दुकानावर डोकी फुटली, की तिथे मंदाताई. पुढे खाजगी चॅनेलं निघाली, त्यातल्या एकात ती गेली. तिथेही तिला बाहेरच पाठवलं. ती म्हणायची, "स्टुडिओत एसी असतो गं, मला बाधतो." खरं कारण तिला माहीत होतं, पण त्याचं तिला दुःख नव्हतं. आरशात बघायचीही ती फक्त दातात काही अडकलं तर.

ती माझ्यापेक्षा थोडी लहान. पण सगळे मंदाताई म्हणत, म्हणून मीही म्हणायची. ती मला वहिनी म्हणे. आधी अहो-जाहो होतं, मग एकदा भांडण झालं आणि दोघी अगं-तुगंवर आलो.

तेव्हा आम्ही दिल्लीत, तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. हिंदूराव हॉस्पिटलच्या टेकडीवरून माकडं खाली यायची आणि वाळत घातलेले कपडे न्यायची. माझे मिस्टर एका मंत्रालयात दफ्तरी होते. मंदाताईचे वडील, आबा, त्याच मंत्रालयात हेडक्लार्क. ते समोरच्या ब्लॉकात राहत. आसपास मराठी घरं बरीच होती आणि एकमेकांकडे जाणंयेणंही होतं. आम्ही बौद्ध. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नसे, आणि कोणी माझ्याकडे आलीच तर तिचा नेमका उपास असायचा. सोमवारी सोमवारचा, गुरुवारी गुरुवारचा. पाण्यालाही उपास लागतो हे मला दिल्लीत येऊन कळलं.

मंदाताई पहिल्यांदा आली ती माकडाच्या मागे. माकडानं आबांचा बनियन पळवून आमच्या गॅलरीत टाकला होता. बनियन घेतला आणि दारातच म्हणाली, "वहिनी, पाणी द्या." मी दिलं. तिनं गिलास तोंडाला लावला, सगळं प्यायली आणि म्हणाली, "आणखी द्या."

मला वाटलं, दाखवतेय. अशा बायका मी पाहिल्या होत्या. एकदा पितात आणि चार ठिकाणी सांगतात. पुन्हा आली तेव्हा मी मुद्दाम माझ्या उष्ट्या तांब्यातलं दिलं, तिच्यासमोरच मी त्यातून प्यायले होते. तीही प्यायली, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "वहिनी, पाण्याला वास येतोय. वरची टाकी कधी धुतलीत? काय राहता तुम्ही!"

भांडण झालं ते त्यावरून. टाकी सगळ्या ब्लॉकाची होती, मी एकटीनं का धुवायची? ती म्हणाली, वास तुम्हाला येत नाही का? मी म्हणाले, नाक तुझं मोठं आहे, तुला जास्त येतो. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या दिवशी मला कळलं की ही दाखवत नाही. उपकार करायला आलेला माणूस पाण्याला नावं ठेवत नाही.

पुढे यमुनेपलीकडे मराठी लोकांनी मिळून सोसायटी बांधली. माझा मुलगा बँकेत लागला होता, त्याच्या कर्जावर आम्हीही एक फ्लॅट घेतला. आबा तोवर गेले होते. मंदाताईचं दार आमच्या दारासमोर आलं ते चिठ्ठीत, पण ती सगळ्यांना सांगे की वहिनीच्या हातच्या पिठल्यासाठी मी सेटिंग केलं.

तिला स्वतःला स्वयंपाक येत नव्हता. पोहे असे करायची की चमच्यानं उचलले तर सगळे एकदम उठायचे. लग्न केलं नाही. मी एकदा सरळ विचारलं, कोणी नव्हताच का? म्हणाली, "होता एक. त्याला वेळेवर जेवायला लागायचं." एवढंच. पुन्हा मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. तिला त्याची रुखरुख असती तर समोरच्या दारातून मला दिसली असती.

तिचा कॅमेरावाला गुरमीत म्हणून होता. जाडा, पाठदुखीचा, सतत कुरकुरणारा. वीस-बावीस वर्षं तो तिच्याबरोबर फिरला. दोघं दमून आले की माझ्याकडे जेवायचे. तिच्यासमोरच तो माझ्याकडे तक्रार करायचा.

"भाभीजी, बाकी रिपोर्टर पहुंचते हैं, माइक लगाते हैं, दस मिनट में काम ख़तम. हमारी मैडम पहले अंदर जाएंगी, पानी पिएंगी. मैं बाहर कैमरा लेके खड़ा हूं, धूप में, चौकीदार जैसा."

"तू भी अंदर आया कर."

"मेरा पेट ख़राब होता है जी. आपका तो लोहे का है."

लोहेका वगैरे काही नव्हतं. तिला दोनदा कावीळ झाली, टायफॉइड झाला. मऊ भात आणि मेतकूट मीच करून दिलं. एकदा रागानं म्हणाले, "घरोघरचं पाणी पिऊन मरशील एक दिवस. बाटली नेत जा."

तेव्हा तिनं मला समजावलं. ती समजावायची तेव्हा हातवारे फार करायची, हातातला चमचा भिंतीवर शिंतोडे उडवायचा.

"हे बघ वहिनी. ज्याच्या घरात माणूस मेलंय, त्याच्यासमोर तू एकदम माइक धरलास तर तो काय बोलणार? एक तर रडेल, नाहीतर तुला हवं ते बोलेल. दोन्हीचा उपयोग नाही. त्याला आधी काम द्यावं. पाणी माग. तो आत जातो. गिलास शोधतो, विसळतो, स्वतःचं तोंड धुतो. बाहेर येतो तेव्हा घरमालक होऊन येतो. तू त्याची पाहुणी. मग त्याला जे सांगायचंय ते तो सांगतो."

"आणि तू?"

"मी काय?"

"तुझं काय होतं पाणी पिऊन?"

ती म्हणाली, "ज्याच्या घरचं पाणी प्यायले त्याच्याबद्दल वाटेल ते बोलता येत नाही. जीभ वळत नाही."

मी म्हणाले, "मग चमचा खाली ठेव, भिंत खराब होतेय."

ती प्रसिद्ध झाली ती एका साहेबामुळे. एका उन्हाळ्यात नळाला पिवळं पाणी येत होतं आणि पाणी खात्याच्या मोठ्या साहेबानं पेपरात सांगितलं होतं की पाणी स्वच्छ आहे, लोक उगाच ओरडतात. मंदाताई त्याच्या बंगल्यावर गेली. सवयीप्रमाणे पाणी मागितलं. नोकरानं ट्रेमधून सरबत आणलं. ती म्हणाली, सरबत नको, पाणी. त्यानं सीलबंद बाटली आणली. ती म्हणाली, "बोतल नहीं भैया, नल का. साहब ने ही बोला है अच्छा है." नोकर साहेबाकडे बघतो, साहेब नोकराकडे. मग साहेब म्हणाला, नळाचं पाणी माळ्यासाठी बागेतच येतं. मंदाताई उठली, बागेत गेली, रबरी पाइप उचलून गिलास भरला आणि परत येऊन समोर बसून प्यायली. प्रश्न एकही विचारला नाही. गुरमीतनं सगळं घेतलं होतं. ते सगळ्या देशात दाखवलं. तिला आठ दिवस जुलाब झाले.

तेव्हापासून ती 'पानी वाली' झाली. भाजीवालाही तिला ओळखायचा आणि तरी भाव कमी करायचा नाही.

मग ते कार्टून आलं.

एका चॅनेलवर रोज संध्याकाळी लागायचं. पंजाबी बाग नाहीतर तसल्याच एका कॉलनीतलं कुटुंब, म्हातारा आजोबा, दोन भावांची भांडणं, बोलणारा कुत्रा. मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त बघायची. माझी सून ऑफिसातून येऊन आधी ते लावायची. त्यात एक दिवस टीव्हीवाली बाई आली. घोट्यावर साडी, पांढरे बूट, आणि नाक इतकं लांब की ती खोलीत येण्याआधी नाक येतं. नाव नंदा प्यासी. त्या कुटुंबाच्या घराला आग लागलेली. बंब आलेला. नंदा प्यासी माइक घेऊन येते आणि आग विझवणाऱ्याला म्हणते, "भाईसाहब, पहले एक गिलास पानी!" तो आगीवरचा पाइप वळवून तिला गिलास भरून देतो. ती पिते. मागे घर जळतंय. ती म्हणते, "एक और."

सोसायटीत हसून हसून लोक लोळले. सूनबाईनं मंदाताईला हाक मारली, "ताई, लवकर या, तुम्ही कार्टूनमध्ये!" मला वाटलं ती चिडेल. ती येऊन बसली आणि सगळ्यात मोठ्यानं हसली. "नाक बरोबर काढलंय," म्हणाली. "बूटसुद्धा. बघितलंस वहिनी, डाव्या बुटाची लेस सुटलेली आहे! कोणीतरी नीट बघितलंय मला."

दुसऱ्या वेळी तो भाग लागला तेव्हा ती हसता हसता मध्येच थांबली.

"वहिनी, ती कशी पितेय बघ."

मी बघितलं. नंदा प्यासी मान मागे टाकते, गिलास हातभर उंच धरते आणि धार सोडते. धार सरळ तोंडात. गटगटगट आवाज होतो, गळ्यातली गाठ वरखाली होते.

"बरं, मग?"

"मी कधी वरून प्यायले?"

"कार्टून आहे. त्यात कुत्रा बोलतो."

"कुत्रा बोलू दे. मी कधी वरून प्यायले का, ते सांग."

नव्हती प्यायली. दिल्लीत पुष्कळ लोक वरून पितात, उष्टं नको म्हणून. त्यात वाईट काही नाही. पण वरून पाणी म्हणजे दुसरंही काही असतं, ते मला कोणी शिकवायला नको. आमच्या गावात माझी आई विहिरीपाशी ओंजळ धरून बसायची आणि कोणीतरी वरून ओतायचं. तांब्या लागू नये इतक्या उंचावरून. मी ते सूनबाईसमोर बोलले नाही. मंदाताईला मात्र ते माहीत होतं, मी एकदा सांगितलं होतं. मी म्हणाले, "लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. चहा घे."

पण लोक विसरले नाहीत. नंदा प्यासी दर आठवड्याला यायला लागली. लग्नात येई, चोरी झाली की येई, आजोबांचा दात पडला तरी येई. पोरं रस्त्यात मंदाताईच्या मागे ओरडायची, "पहले एक गिलास पानी!" ती वळून ओरडायची, "ला!" त्याचं तिला काही नव्हतं.

लागलं ते वेगळंच. पावसाळ्याच्या आधी गटार साफ करायला उतरलेला एक माणूस वर आला नाही. मंदाताई त्याच्या घरी गेली. सफाईवाल्यांची वस्ती होती. परत आली ती माझ्याकडे जेवायला बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून राहिली. गुरमीतही त्या दिवशी कुरकुरला नाही.

मी विचारलं, "काय झालं?"

गुरमीत म्हणाला, "भाभीजी, मैडम ने पानी मांगा. उसकी बीवी ने लड़की को दुकान पे भेजा और सील वाली बोतल मंगवाई. बोली, दीदी, आप तो ऊपर से पीती हो ना, टीवी में देखा है. बोतल में आपको आराम रहेगा."

"टोचून बोलली का?"

"नहीं जी. बड़े प्यार से बोली. यही तो बात है."

मंदाताई म्हणाली, "मी म्हटलं, तुमच्या मटक्यातलं द्या. तर म्हणाली, नहीं दीदी, आपके लिए स्पेशल मंगाई है. त्या बाईचा नवरा मेला आणि ती माझ्यासाठी दुकानातून पाणी आणवतेय. मी प्यायले. मग मी विचारायला लागले. जे विचारेन त्याला हां जी, ना जी. साहेबाशी बोलावं तसं. त्याला कोणी उतरवलं, कसं उतरवलं, दोरी होती की नव्हती, तिला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली नाही. दार उघडं होतं वहिनी. मी आतही बसले होते. पण मला आत घेतलं नाही."

चॅनेलात तिच्यापेक्षा तरुण, देखण्या मुली होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या. मंदाताईला ठेवलं होतं ते एवढ्यासाठी की वस्तीतली माणसं तिच्याशी बोलायची. ती माणसंच बोलायची थांबली तर मंदाताईला कशाला ठेवतील? पण मला वाटतं नोकरीची भीती तिला कमीच होती. त्या बाईच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, हे तिला सहन होत नव्हतं. पुढच्या दोन-तीन ठिकाणीही तेच झालं. कुठे बाटली, कुठे कागदी गिलास.

तिनं पत्ता शोधला. कार्टून करणारं ऑफिस गुरुग्रामला होतं. मला म्हणाली, "चल." मी म्हणाले, मी काय करू तिथे? म्हणाली, "मी चिडले तर मला बाहेर ओढ."

टॅक्सीनं गेलो. काचेची उंच बिल्डिंग, लिफ्टमध्ये कान बंद झाले. आत सगळी पोरंपोरी, अर्ध्या चड्डीत, कानाला हेडफोन. मंदाताईला बघितल्यावर सगळं ऑफिस उभं राहिलं. एकीनं फोन काढून फोटो घेतला. त्यांचा मुख्य होता तो एक दाढीवाला मुलगा. तो घाबरला होता.

"मैम, वी आर सो सॉरी. लीगल नोटिस मत भेजिए प्लीज. हम कैरेक्टर बंद कर देते हैं. बिल्कुल बंद."

"बंद क्यों? अच्छा है."

"जी?"

"नाक अच्छी है. किसने बनाई?"

मागून एक बारकी मुलगी पुढे आली. चष्मा, बोटांना शाई. तिनं हात वर केला, शाळेत करतात तसा. मंदाताई म्हणाली, "शाबास. अब गिलास ठीक करो."

त्यांना कळेना. मंदाताई म्हणाली, मी वरून पीत नाही, तोंड लावून पिते, तसं दाखवा. दाढीवाला म्हणाला, मैम, तोंड लावून दाखवायचं तर ओठ आणि गिलास प्रत्येक चित्रात जुळवावे लागतात. धार सोडली की काम सोपं होतं, आणि आवाजही मजेदार येतो. मंदाताईनं समजावायला सुरुवात केली. वस्ती, मटका, बाटली, जात, सगळं सांगितलं. हातवारे चालूच. पोरं मान हलवत होती, जी मैम, राइट मैम, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, आता ही चिडणार. मी पर्स उचलली.

मंदाताई मध्येच थांबली आणि म्हणाली, "पानी पिलाओ."

कोणीतरी पळत जाऊन सीलबंद बाटली आणली. तिनं ती बाजूला ठेवली. त्या चष्मेवालीच्या टेबलावर तिची स्वतःची बाटली होती, फुलंबिलं काढलेली. मंदाताईनं ती उचलली, झाकण काढलं, तोंडाला लावली आणि दोन घोट प्यायली.

"मैम, वो जूठी है! मेरी है!"

"मालूम है. ले, अब तू पी."

मुलीनं बाटली हातात घेतली. सगळे बघत होते. तिला नाही म्हणता येईना. तिनं मान मागे टाकली, बाटली उंच धरली आणि वरून धार सोडली. सवयीनंच. मग अर्ध्यातच तिच्या लक्षात आलं. धार चुकली, चष्म्यावर, गळ्यावर, शर्टावर पाणी सांडलं. ती तशीच थांबली, बाटली वरच.

कोणी हसलं नाही.

मंदाताई म्हणाली, "बेटा, तुझमें कोई बुराई नहीं है. तू सफ़ाई के लिए करती है. लेकिन मैं जिसके घर जाती हूं, उसको क्या पता कि यह सफ़ाई है या कुछ और? उसने तो ज़िंदगी भर कुछ और ही देखा है."

मुलगी चष्मा पुसत हळूच म्हणाली, "मैम, हमारे घर में कामवाली दीदी का कप अलग है."

"वह तुम जानो. मैं गिलास के लिए आई हूं."

परत येताना टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणाले, "करणार नाहीत. पोरं आहेत." ती म्हणाली, "नाही केलं तर पुन्हा जाऊ." मी म्हणाले, "तू जा. माझे कान दुखले."

दोन-तीन महिने नंदा प्यासी आलीच नाही. सोसायटीतले लोक म्हणाले, मंदाताईनं धमकी देऊन बंद पाडलं, विनोद कळत नाही. मग एका संध्याकाळी सूनबाई ओरडली, "ताई, आली, आली!"

नंदा प्यासी आली. आजोबांच्या घरात पाणी तुंबलेलं, सगळे पलंगावर चढलेले. ती म्हणते, "पहले एक गिलास पानी." आजी स्टीलचा गिलास देते. नंदा प्यासी दोन्ही हातांनी गिलास धरते, ओठांना लावते. ओठ मोठे करून दाखवले, गिलासाच्या काठावर टेकलेले. पिते. आणि नाक गिलासात अडकतं. निघेना. कुत्रा ओढतो, आजोबा ओढतात, बंबवाला ओढतो. मग ती तशीच, नाकावर गिलास घेऊन, सगळी बातमी सांगते. आवाज गिलासातून घुमतो.

खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "शी! हे तर आधीपेक्षा वाईट केलं. मंदाताई, तुम्ही केसच करा."

मंदाताई डोळे पुसत होती, हसून पाणी आलं होतं. म्हणाली, "अडकू दे हो नाक. ओठ लागले ना?"

खालच्या बाईंना काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

हल्ली ती भाचीकडे नाशिकला असते. गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत आहे. फोनवर माझ्याशी भांडते. पण दिल्लीतली तिची शेवटची आठवण विचाराल तर ती ही.

तिला चॅनेलानं निरोप दिला होता, तरी कुठे काही झालं की गुरमीतला घेऊन ती जायचीच, आणि चॅनेलवालेही तिचं घेऊन दाखवायचे. त्या दिवशी आम्ही जेवायला निघालो होतो, कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्य सरकारचं गेस्टहाऊस आहे तिथे. तिथली मटकीची उसळ तिला आवडायची. गुरमीत गाडी चालवत होता. वाटेत पुलाखालच्या झोपड्या जळून गेलेल्या दिसल्या. आदल्या दिवशी जळाल्या असणार, अजून धुराचा वास होता. लोकांनी ताडपत्र्या बांधून पुन्हा बसायला जागा केली होती. मंदाताई म्हणाली, "थांबव."

मी म्हणाले, "उसळ संपेल."

ती उतरलीच. मी गाडीत बसून राहिले, काच खाली केली. पोरं धावत आली, "नंदा प्यासी! नंदा प्यासी!" एकानं नाकावर मूठ धरून दाखवली. ती पोरांमधून वाट काढत एका ताडपत्रीपाशी गेली. आत एक म्हातारी काळवंडलेल्या भांड्यांच्या ढिगाशी बसली होती. मंदाताईनं काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. म्हातारी उठली, ढिगातून एक स्टीलचा गिलास काढला, पदरानं पुसला, डब्यातून भरला. देताना मोठ्यानं म्हणाली, "लो दीदी. नाक संभाल के."

सगळी वस्ती हसली. कालच घरं जळालेली माणसं. मंदाताईही हसली, तिथेच उभ्यानं गिलास तोंडाला लावून प्यायली, आणि रिकामा गिलास पुन्हा पुढे केला. म्हातारीनं तो घेतला, तिच्या दंडाला धरून तिला आत ओढलं आणि ताडपत्री खाली सोडली.

मला भूक लागली होती. पिशवीत केळी होती, त्यातली दोन खाल्ली, एक गुरमीतला दिलं. ऊन चढत होतं. ताडपत्रीच्या आतून म्हातारीचं बोलणं ऐकू येऊ लागलं. कोणाबद्दल बोलत होती, काय सांगत होती, काही कळत नव्हतं. पण ती थांबत नव्हती.